दुसऱ्यांदा क्रुसावर

दुसऱ्यांदा क्रुसावर चढवलं तेव्हा माझा नवरा बोलायचा थांबला. तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी, सगळं गाव बसलं होतं, शेजारच्या गावांचे लोकही बैलगाड्या जुंपून आले होते. सगळ्यांना वाटलं, काय सुंदर काम करतो आहे हा माणूस. मी बायकांमध्ये बसले होते. मला एवढंच कळलं की हा मरतो आहे.

ते मला कळलं याचं कारण सोपं आहे. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात जागेपणी गप्प बसलेला तो मी पाहिला नव्हता. जेवताना बोलायचा, आंघोळ करताना बोलायचा. एकदा हिवताप आला तर अंगावर दोन गोधड्या घेऊन तापाला उपदेश करत बसला. आता त्याचे ओठ हलत होते आणि आवाज नव्हता. छाती वर गेली होती ती खाली येत नव्हती. दोन्ही मनगटं आडव्या लाकडाला दाव्यानं बांधलेली, आणि पाय हवेत. ज्या खुंटीवर पाय टेकायचे ती निसटून खाली पडली होती. एका शिपायाच्या पायात ती आली तेव्हा त्यानं ती पायानंच बाजूला सारली आणि पुन्हा भाला धरून ताठ उभा राहिला. भाला म्हणजे वेळूची काठी, टोकाला पत्रा.

हे नाटक होतं, उत्तम शुक्रवारचं, म्हणजे गुड फ्रायडेचं. पण नाटक इथपर्यंत कसं आलं ते सांगायला पाहिजे.

मी गोंदियाजवळच्या मुर्रीची. बाप रेल्वेत गँगमन होता. आम्ही आजोबापासून ख्रिस्ती. चौथीपर्यंत शिकले आणि मग लग्न होऊन अर्जुनी मोरगावच्या बाजूला एका खेड्यात आले. तेव्हा तो सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता. मालगुजारी, आमच्याकडची जमीनदारी, जाऊन थोडीच वर्षं झाली होती, आणि गेली आहे हे खुद्द मालगुजाराला अजून नीट पटलं नव्हतं. गावात ख्रिस्ती घरं चार. बाकी सगळे धानवाले शेतकरी, हिंदू. भांडण कोणाचं कोणाशी नव्हतं. आम्हाला ते मिशनवाले म्हणायचे आणि पंगतीला बोलवायचे.

नवरा आठवडी बाजारांत धर्माच्या पुस्तिका विकायचा. आधी डफ वाजवून गाणं म्हणायचा, लोक जमायचे. गाणं संपलं की लोक बैलांच्या बाजारात निघून जायचे. पुस्तिका तशाच घरी परत यायच्या. त्याचं म्हणणं, लोकांना ऐकायला नको, बघायला पाहिजे. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि दंडार होते. राजा, राक्षस, बाईचा वेश घेतलेले पुरुष, पेटी, ढोलकी. लोक उन्हात बसून दिवसभर बघतात. त्यानं ठरवलं, आपण प्रभूच्या मरणाची दंडार करायची. लिहिली त्यानं, गाणी त्यानं बसवली, आणि प्रभूचं कामही त्यानंच घेतलं.

मी म्हटलं, "दुसऱ्या कोणाले तरी द्या ना जी ते काम."

"कोणाले देऊ? कोणाले इतकं पाठ व्हईल?"

"प्रभू क्रुसावर थोडंसंच बोलले. तुमी पानंच्या पानं लिवली."

"लोक दुरून येऊन राहिले. थोडक्यात कसं आटोपाव?"

गोंदियाहून पाद्रीसाहेब बघायला येणार होते. त्यांना काम आवडलं तर याला पगारी प्रचारक म्हणून ठेवणार होते. म्हणून मी जास्त बोलले नाही.

चार ख्रिस्ती घरांत पुरुष माणसं कमी. एक ठार बहिरा होता, एक रेल्वेत, एकाला उभं राहिल्यावर चक्कर यायची. म्हणून गावातलं दंडारीचं मंडळच घेतलं. उन्हाळ्याचे दिवस, धान कधीचं घरात आलेलं, त्यांना काम नव्हतं. मंडईत जो राजाचं काम करायचा तो रोमी सुभेदार झाला आणि त्यानं आपला नेहमीचा मुकुट घातला. नवऱ्यानं सांगितलं की सुभेदाराला असा मुकुट नसतो. तो म्हणाला, "मुकुट नाही तं मी बी नाही." मुकुट राहिला.

क्रूस गावच्या सुतारानं, वाढयानं केला, ऐनाच्या लाकडाचा. चांगला जड झाला. माणूस त्यावर टिकावा म्हणून वाढयानं एक युक्ती केली होती. सुती धोतराचा पट्टा प्रभूच्या काखांखालून छातीभोवती घ्यायचा आणि मागून खांबाला करकचून बांधायचा. वरून अंगावर एक फाटकं उपरणं, म्हणजे पट्टा दिसत नाही. सगळा भार पट्ट्यावर, थोडा पायाखालच्या खुंटीवर. हात नुसते दाखवायला बांधायचे. पट्टा बांधायचं काम पडद्यामागे व्हायचं, क्रूस आडवा ठेवून. ते झालं की शिपाई क्रूस उचलून पुढे आणायचे, मंचाच्या फळ्यांमधल्या खड्ड्यात उभा करायचे आणि पाचर ठोकायचे. वाढयानं हे तालमीत सगळ्यांना दाखवलं होतं. पण पट्टा तो स्वतःच बांधायचा, त्यामुळे बाकीच्यांनी नीट पाहिलं नव्हतं.

उत्तम शुक्रवारी दुपारी नाटक लागलं. ऊन असं की माणसं डोक्यावर ओले दुपट्टे टाकून बसली होती. पाळीवर मासे धरणाऱ्या ढिवरांच्या बाया टरबूज विकत होत्या, नदीच्या रेतीत लावलेले. पाद्रीसाहेब पुढे खुर्चीवर, त्यांच्या बाजूला मालगुजार दुसऱ्या खुर्चीवर. आम्ही बायका डाव्या अंगाला, खुर्च्यांच्या जवळच. त्यामुळे मला त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

पहिल्या वेळी सगळं बरोबर झालं. क्रूस उभा राहिला, नवरा बोलायला लागला. शत्रूंना क्षमा केली, आईला धीर दिला, मग दारू पिण्याचे दुष्परिणाम सांगितले. ते प्रभू क्रुसावर बोलले होते असं मी कुठं वाचलं नाही, पण गावाला ते लागू होतं. बाया रडल्या. पुरुषही रडले. माझ्या मागची एक म्हातारी म्हणाली, "कोनाचा लेक हाये वो हा? काऊन मारून राहिले त्याले?" तो मेला, मान टाकली, पेटीवाल्यानं रडका सूर धरला. क्रूस खाली घेतला, पट्टा सोडला, प्रभूला चादरीवर निजवलं.

तेव्हा मागून आवाज आला, "वन्समोर."

झाडीपट्टीत ही रीत आहे. लोकांना प्रवेश आवडला की वन्समोर मागतात आणि मंडळींना तो पुन्हा करावा लागतो. गाणं असो, लढाई असो, मरण असो. वन्समोर नाकारला तर गावाचा अपमान. मागून मोठमोठ्यानं वन्समोर सुरू झाला आणि मालगुजारानं आपल्या माणसाच्या हातून बक्षीस पुढे पाठवलं. सूत्रधारानं पुढे येऊन पुकारलं की अमुक मालक खूश होऊन बक्षीस देतात आणि प्रभूनं पुन्हा एकदा क्रुसावर जावं अशी त्यांची इच्छा आहे.

पाद्रीसाहेब खुर्चीतून अर्धे उठले. म्हणाले, "असं करता येत नाही. प्रभू एकदाच मेले. एकदाच, सर्वांसाठी. हाच तर मुद्दा आहे."

मालगुजार म्हणाला, "तुमच्यात एकदा असन, साहेब. आमच्या गावात वन्समोर झाला तं दोनदा मरा लागते."

"हा धर्माचा प्रश्न आहे."

"धर्माचा तुमी पाहा. लोकं बसून हायेत, ते मी पाहतो."

पाद्रीसाहेबांनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. मान हलवून नाही म्हणाले. नवरा चादरीवर मेलेला पडला होता. त्यानं एक डोळा उघडला, पाद्रीकडे पाहिलं, मग लोकांकडे पाहिलं. लोक फार होते. तो उठून बसला आणि त्यानं हो म्हणून मान डोलावली. गाव खूश झालं. पाद्रीसाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

वन्समोरची आणखी एक रीत अशी की जे लोकांनी पाहिलं तेवढंच पुन्हा करायचं. पडद्यामागचं लोकांनी पाहिलेलं नसतं. म्हणून शिपायांनी त्याला तिथेच क्रुसावर निजवलं, हात दाव्यानं बांधले, आणि पट्ट्याची आठवण कोणाला झाली नाही. वाढयाला झाली असती. पण त्याच्या हिशेबानं प्रवेश संपला होता, आणि तो पाळीवर बिडी ओढायला गेला होता. नवऱ्याला स्वतःला कळायला पाहिजे होतं. नंतर मी विचारलं तर म्हणाला, मी पुढच्या वाक्याचा विचार करत होतो.

क्रूस उभा केला. पहिली दोन वाक्यं तो बोलला. तेवढ्यात खुंटी निसटली. सगळा देह मनगटांवर लोंबला आणि तो थांबला.

मी उठले. बायकांनी पदर धरून खाली बसवायला पाहिलं. "बस ना वो, दिसत नाही मागं." मी पदर सोडवून घेतला आणि फळ्यांवर चढले. दंडारीत बाई चढत नाही, बाईचं काम पुरुष करतात. त्यामुळे सगळा जमाव माना वर करून बघायला लागला. पेटीवाला तयारीचा माणूस. त्याला वाटलं, प्रभूच्या आईचं काम या वेळी हिला दिलं आहे. त्यानं लगेच आईचा सूर धरला. ढोलकीवाल्यानं हळू ठेका दिला. खाली बाया पुन्हा रडायला लागल्या.

मी मुकुटवाल्या सुभेदाराला म्हटलं, "भाऊ, उतरवा त्याले. मरून राहिला तो."

तो ओठ न हलवता म्हणाला, "हो वो बाई, मरनारच हाये. तसंच लिवलं हाये त्यानं."

"खरंच मरून राहिला."

"खरंच वाटते ना? पह्यल्यापेक्षा बेस करून राहिला."

मी शिपायाच्या कमरेची तलवार ओढली. ती पुठ्ठ्याची होती, वरून चांदी लावलेली. दुसऱ्याची पत्र्याची होती. ती दाव्यावर घासली असती तर तलवारच वाकली असती. पाचर काढायला हातोडा पाहिजे, हातोडा वाढयाजवळ. मी फळ्यांच्या कडेला येऊन पाळीकडे ओरडले. टरबूजवाल्या ढिवरणीकडे पाहून ओरडले, कारण खरं पातं तिच्याजवळ होतं हे मला दिसत होतं. ती टरबूज कापत होती. तिनं वर पाहिलं, क्रुसावरच्या माणसाकडे पाहिलं, आणि सुरी घेऊन खाली उतरली. ती माणसांतून आली नाही, माणसांवरून आली. ढिवर नदीत बुडालेली माणसं काढतात, तिला तोंडाचा रंग कळत असावा.

वर आल्यावर तिनं विचारलं, "कोनाचा नवरा?"

"माझा."

"मंग तू पाय धर. मी कापतो."

शिडी तिथेच होती, क्रुसावर पाटी ठोकायची होती त्यासाठी. ती चढली. मी खाली उभी राहिले आणि त्याचे दोन्ही पाय माझ्या खांद्यांवर घेऊन ताठ झाले. धानाचे भारे मी डोक्यावर वाहिलेले होते, त्यापुढे तो काही जड नव्हता. मी त्याला वर उचललं तशी त्याची छाती खाली आली आणि त्यानं श्वास घेतला. आवाज मोठा होता, म्हशीच्या पारड्यासारखा. तो ऐकल्यावर सुभेदारानं मुकुट काढला. त्यानंतर मात्र सगळे धावले. एवढा वेळ उभे होते ते सगळे.

ढिवरणीनं एक हात कापला, मग दुसरा. दुसरा सुटला तसे तो आणि मी दोघं फळ्यांवर पडलो, मी खाली. तिची सुरी टरबुजाच्या रसानं चिकट झाली होती, त्याच्या दोन्ही मनगटांना तो रस लागला. लोकांना वाटलं ते रक्त आहे आणि फारच चांगलं दाखवलं आहे.

थोड्या वेळानं त्यानं डोळे उघडले. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. तो काहीतरी पुटपुटला. मी कान जवळ नेला.

तो म्हणाला, "लोक बसून हायेत का?"

मी म्हटलं, "हायेत."

मागून पुन्हा कोणीतरी वन्समोर म्हणालं. त्याला बाजूच्यांनी गप्प केलं. मालगुजारानं प्रभूच्या आईचं काम करणाऱ्या बाईला म्हणून एक लुगडं जाहीर केलं. ते मी घेतलं. चांगलं होतं, बरीच वर्षं टिकलं. ढिवरणीला कोणी काही दिलं नाही. ती पाळीवर परत गेली तर अर्धे टरबूज पोरांनी पळवले होते.

त्याच संध्याकाळच्या गाडीनं त्याला गोंदियाला नेलं. पाद्रीसाहेब त्याच डब्यात होते. त्यांनी प्रार्थना केली, आणि प्रार्थना झाल्यावर सांगितलं की नोकरीचं जमणार नाही. मिशनच्या डॉक्टरनं नवऱ्याला तपासलं. छाती ठीक होती. उजवा हात आठवड्याभरात हलायला लागला. डाव्या हाताची नस खांद्यात ओढली गेली होती. बोटं हलायची, पण हात खांद्याच्या वर कधी गेला नाही. सदरा मी घालून द्यायचे.

घरी आल्यावर तो काही दिवस कमी बोलला. मला ते बरं वाटलं नाही, असं नाही.

मग त्याची बाजारात जायची वेळ आली. आता डफ वाजवता येत नव्हता. त्यानं नुसतं उभं राहायचं ठरवलं. पण आता गाण्याची गरजच नव्हती. "दोनदा मेलेला मिशनवाला" म्हणून त्याला सगळे ओळखत होते. लोक मनगटं बघायला यायचे, तो मनगटं दाखवायचा आणि तेवढ्यात बोलून घ्यायचा. लोक जात नव्हते. पुस्तिका संपायला लागल्या. पुढच्याच हिवाळ्यात गोंदियाजवळच्या फुलचूरच्या एका ख्रिस्ती दुकानदारानं त्याला बॅटरीवरचा लाऊडस्पीकर भाड्यानं मिळवून दिला. मग नागपुराहून बोलावणं आलं, मग रायपूरहून. ज्या पाद्रीसाहेबांनी नोकरी नाही दिली त्यांनीच एका सभेत त्याची ओळख करून दिली. साठ सालापर्यंत तो महिन्यातले अर्धे दिवस घरी नसायचा. पुढे कित्येक वर्षांनी टीव्ही आला आणि तो टीव्हीवर गेला. रविवारी सकाळी यायचा. लोक मला ओळखतात ते त्यामुळे.

टीव्हीवर तो डावा हात मांडीवर ठेवून, उजवा वर करून बोलायचा. लोकांना ती त्याची ढब वाटली. आता तरुण प्रचारक बघते, त्यांतले बरेच डावा हात मांडीवर ठेवून बोलतात. त्यांचे हात चांगले आहेत.

ती क्रुसाची गोष्ट तो नेहमी सांगायचा. बाजारात सांगायचा तेव्हा म्हणायचा, माझ्या बायकोनं उचललं आणि एका ढिवरणीनं कापलं. लाऊडस्पीकर आल्यावर ढिवरीण गेली. नागपूरला गेल्यावर बायको गेली. शेवटी असं झालं की श्वास संपत आला तेव्हा त्यानं प्रभूचा धावा केला, आणि कोणीतरी अदृश्य येऊन त्याचे पाय आपल्या खांद्यांवर घेतले. देवदूत होता.

मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा आम्ही गोंदियात घर केलं होतं. तो आला, मी भाजी निवडत होते.

मी म्हटलं, "देवदूताच्या अंगाले घामाचा वास येऊन राहिला होता का?"

त्यानं माझ्यापुढची एक जुडी आपल्याकडे ओढली. मग म्हणाला, "तुझं सांगतलं तं लोक म्हनतात, बायको हाये, उचलनच. त्यात काय. उठून जातात."

"आणि त्या बाईचं?"

"तिचं सांगतलं तं टरबूज कसे देले म्हनून इचारतात."

"मंग खरं कवा सांगान?"

"खरंच सांगून राहिलो ना. मी वाचलो, हे तं खरं हाये."

मी जास्त वाद घातला नाही. पैसा घरात येत होता, पोरं शिकत होती. आणि तो वाचला हे खरं होतं. पण एक गोष्ट मी केली. एकदा उन्हाळ्यात त्या गावी गेले, ढिवरणीला शोधलं आणि तिला सांगितलं की माझा नवरा तुला देवदूत म्हणून सांगत फिरतो. ती जाळं विणत होती. म्हणाली, "मले कायले? मी तं नुसता दोर कापला. पाय तू धरले." मग म्हणाली, माझी सुरी त्या दिवशी तिथंच राहिली, ती कोणी नेली ते त्याला विचार. मी विचारलं. त्याला माहीत नव्हतं. मी तिला गोंदियाच्या बाजारातून नवी घेऊन पाठवली.

तिचं पुढं काय झालं मला ठाऊक नाही. वाढई आम्ही गावात होतो तेव्हाच म्हातारा होऊन गेला. सुभेदाराचं काम करणारा त्यानंतर कितीतरी वर्षं मंडईत राजा व्हायचा, आणि मला रस्त्यात दिसला की खाली बघायचा.

नवऱ्याच्या अंत्यविधीला खूप माणसं आली होती. तीन प्रचारक बोलले, तिघांनीही देवदूताची गोष्ट सांगितली, आणि मी पुढच्या बाकावर बसले होते. तिथं मला कोणी काही विचारलं नाही, म्हणून इथं लिहिलं. त्या शुक्रवारी क्रुसावर जो होता तो जगला, म्हातारा झाला आणि घरी खाटेवर गेला. त्याच्या पायाखाली जी होती ती मी. मी अजून आहे.